रुग्णालय पुन्हा उभे राहते, पण कोणासाठी?

पूर येतो, भूकंप होतो, साथ पसरते. चार दिवस टीव्हीवर तीच दृश्ये फिरतात. मग मंत्री येतात, पाहणी होते आणि एक वाक्य ठरलेले असते : "लवकरच सर्व काही पूर्ववत केले जाईल."

'पूर्ववत' हा शब्द ऐकून ज्याला दिलासा मिळतो, त्याचे पूर्वीचे दिवस बरे गेलेले असतात. ज्याच्या वस्तीत पूर्वी दवाखानाच नव्हता, त्याच्यासाठी पूर्ववत म्हणजे काय? पुन्हा दवाखाना नसणे. ज्याला पूर्वी वॉर्डाच्या कोपऱ्यात खाट मिळत होती, त्याच्यासाठी पूर्ववत म्हणजे पुन्हा तोच कोपरा. म्हणून आंबेडकरी कार्यकर्त्याने आपत्तीनंतरच्या पुनर्बांधणीकडे दानधर्म म्हणून पाहून चालणार नाही. तो सत्तेचा प्रश्न आहे, आणि त्याची खरी परीक्षा सार्वजनिक रुग्णालयात होते.

आधी कायदा पाहू. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ६१ सांगते की आपद्ग्रस्तांना भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. तरतूद चांगली आहे, प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावी अशी आहे. पण तिची हद्दही पाहा. 'भरपाई आणि मदत' एवढेच शब्द तिथे आहेत, 'पुनर्बांधणी' नाही. पुनर्बांधणीची व्याख्या त्याच कायद्यात स्वतंत्रपणे दिली आहे : आपत्तीनंतर कोणत्याही मालमत्तेचे बांधकाम करणे किंवा ती पूर्वस्थितीत आणणे. म्हणजे कायद्याच्या नजरेत पुनर्बांधणी मालमत्तेची होते. मग ज्याच्याकडे मालमत्ताच नव्हती त्याचे काय?

कोणी म्हणेल, संविधानाची कलमे १४ आणि १५ आहेतच की. आहेतच, आणि आपण त्यांच्याच जोरावर बोलतो आहोत. पण मदतीच्या रांगेतला भेदभाव डोळ्यांना दिसतो, त्याची बातमी होते, तक्रार करता येते. पुनर्बांधणीतला भेदभाव नकाशात, निकषात आणि करारात लपलेला असतो. तो सहज पकडता येत नाही आणि पुढच्या दोन-तीन पिढ्या तो भोगतात. हे मी हवेत बोलत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास तेच सांगतो.

दवाखान्याचे दार

महाडचा सत्याग्रह म्हटले की आपल्याला चवदार तळे आठवते. पण त्यामागच्या ठरावात फक्त पाणी नव्हते. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळाने संमत केलेला तो ठराव सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळांबरोबरच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याची शिफारस करतो. सरकारी पैशातून जे उभे आहे त्यावर सर्वांचा हक्क, हे त्याचे सूत्र. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले तेव्हा ते शाळेचे आणि दवाखान्याचेही दार ठोठावत होते, असे मी मानतो.

हे दार किती घट्ट बंद होते याचा एक पुरावा बाबासाहेबांनीच आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदवून ठेवला आहे. १९२९ साली 'यंग इंडिया'त काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापून आले होते. त्याची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर महारवाड्यासारख्या त्या वस्तीत यायला तयार नव्हता. गावातील प्रतिष्ठितांना मध्ये घालून आणि फी ठरवून त्याला आणले, तेही बाईला वस्तीबाहेर आणून दाखवण्याच्या अटीवर. थर्मामीटर त्याने आधी एका मुसलमानाच्या हातात दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परत येतानाही तोच क्रम. डॉक्टरने रोग्याला हात न लावता निदान केले. ती बाई वाचली नाही.

तिथे भूकंप झाला नव्हता, पूर आला नव्हता. डॉक्टर होता, औषध होते, थर्मामीटर होते. नव्हता तो स्पर्श. म्हणूनच १९५५ च्या अस्पृश्यतेविरोधी कायद्यात, ज्याला आज आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, कलम ५ खास रुग्णालय, दवाखाना, शिक्षणसंस्था आणि वसतिगृह यांतील प्रवेशासाठी लिहावे लागले. स्वतंत्र देशाला आपल्या कायद्यात सांगावे लागले की आजारी माणसाला जातीवरून रुग्णालयात नाकारणे हा गुन्हा आहे. रुग्णालयाच्या पुनर्बांधणीबद्दल बोलताना 'पूर्वीसारखे' हा शब्द आपल्याला का पटत नाही, ते यावरून कळावे.

प्लेग : जातीचे रुग्णालय आणि माणसाचे रुग्णालय

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात आणि मग मुंबई इलाख्यात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. घरांच्या झडत्या, रोग्यांना उचलून नेणे, विलगीकरणाच्या छावण्या हे सर्व सुरू झाले. लोक सरकारी रुग्णालयाला घाबरत होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईतील आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांच्या जमावाने हल्लाही केला. रुग्णालयात गेलेला परत येत नाही, ही भीती गरिबांच्या मनात होती आणि ती अगदी निराधार नव्हती.

पण वरच्या जातींची हरकत आणखी एक होती : आमच्या माणसाच्या शेजारच्या खाटेवर कोण असेल? त्याला कोणाच्या हातचे पाणी मिळेल? सरकारने तोडगा काढला. ज्या समाजाला हवे त्याने आपल्या खर्चाने, देखरेखीखाली, आपले प्लेग रुग्णालय काढावे. मुंबईत जातीजमातींची अशी अनेक रुग्णालये निघाली. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय काढले. इतिहासाची पाठ्यपुस्तके याला समाजाची स्वयंसेवा म्हणतात. त्यात सेवा होती हे मी नाकारत नाही. त्या दिवसांत रोग्याजवळ थांबणे जिवावरचे काम होते. पण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्या जातीकडे शेठ होते, जागा होती, देणग्या होत्या, तिचे रुग्णालय झाले. ज्यांच्याकडे यातले काही नव्हते, त्यांच्या वाट्याला तीच सरकारी छावणी आली. जिवाणू जात पाहत नव्हता, खाटांची मांडणी मात्र जात पाहूनच झाली.

याच वेळी पुण्याजवळ हडपसरच्या माळावर दुसऱ्या प्रकारचे रुग्णालय उभे राहिले. सावित्रीबाई फुले यांनी आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंत याला बोलावून घेतले आणि प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेगची गाठ आल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

हा प्रसंग आपण दरवर्षी भाषणात सांगतो, त्याग म्हणून सांगतो. मला त्यात त्यागाइतकेच तत्त्वही दिसते. एकीकडे 'आमच्या जातीसाठी आमचे रुग्णालय' आणि दुसरीकडे 'ज्याला कोणी हात लावणार नाही त्याच्यासाठी आधी रुग्णालय'. यशवंतचा दवाखाना लहान होता, तात्पुरता होता. त्याला सरकारचे पाठबळ किंवा शेठजींची थैली नव्हती. तरी सार्वजनिक रुग्णालयाची व्याख्या तिथे झाली. काठियावाडच्या डॉक्टरने जे केले नाही, ते सावित्रीबाईंनी त्याच्या तीस-बत्तीस वर्षे आधी करून दाखवले होते. त्यांनी रोग्याला स्पर्श केला.

प्लेगनंतरच्या पुनर्बांधणीची एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १८९८ साली मुंबईत सुधार विश्वस्त मंडळ म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, हवेशीर रस्ते काढायचे, आरोग्यदायी घरे बांधायची, असा उद्देश होता. पाडापाडी झपाट्याने झाली, घरे मागाहून येत राहिली आणि उठवलेला गरीब माणूस शेजारच्या तशाच कोंदट खोलीत जाऊन राहिला. रस्ते रुंद झाले, जमिनीचे भाव चढले.

याच ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या पोयबावडीजवळची बी.आय.टी. चाळ त्यांतली एक. त्या नावातले 'बी.आय.टी.' म्हणजे हाच बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. तिथल्या दोन छोट्या खोल्यांत बाबासाहेब साधारण दोन दशके राहिले. महाडच्या आणि काळारामच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांचे घर तेच होते. ट्रस्टने पुढे दादर-माटुंग्याला प्लॉट पाडून नवे उपनगर वसवले, तिथल्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी 'राजगृह' बांधले. एकाच साथीनंतरच्या एकाच पुनर्बांधणीने कामगाराला चाळीतली खोली दिली आणि पांढरपेशा मध्यमवर्गाला कॉलनीतला प्लॉट. हा फरक प्लेगने केला नव्हता. तो आराखड्याने केला होता.

मराठवाडा : १९७८ आणि १९९३

आता मराठवाड्यात येऊ. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर गावोगावी दलित वस्त्या जाळल्या गेल्या. माणसे मारली गेली, घरे, धान्य, जनावरे गेली, लोक गाव सोडून परागंदा झाले. त्या विध्वंसाला कोणी 'आपत्ती' म्हटले नाही. त्याच्या पुनर्बांधणीसाठी जागतिक बँक आली नाही, उद्योगसमूहांनी वस्त्या दत्तक घेतल्या नाहीत.

पंधरा वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, त्याच मराठवाड्यात लातूर जिल्ह्यातील किल्लारीजवळ भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते, लोक दमून झोपले होते. अधिकृत आकड्यांप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाइतकेच जाड दगडमातीच्या भिंतींनी आणि मातीचे थर चढवलेल्या माळवदांनी माणसांना मारले. ज्यांच्याकडे दगडी घर बांधण्याची ऐपत नव्हती, त्यांतल्या काहींना त्यांच्या हलक्या छपरांनी वाचवले.

भूकंपाचे दुःख सर्वांचे होते. जात पाहून ढिगारा कोसळला नाही आणि ते दुःख मी कमी लेखत नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम आखला गेला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायचे ठरले. घर किती मोठे द्यायचे याचा निकष कोणता? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टर असलेल्याला ४०० चौरस फूट. सात हेक्टरांपेक्षा जास्त जमीन असलेल्याला ७५० चौरस फूट.

हे आकडे पुन्हा वाचा. घरात माणसे किती हे पाहिले नाही, जमीन किती हे पाहिले. आठ माणसांच्या शेतमजूर कुटुंबाला २५० आणि चार माणसांच्या मोठ्या शेतकऱ्याला ७५० चौरस फूट. मराठवाड्यात भूमिहीन कोण आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. कोणत्याही शासन निर्णयात 'जात' हा शब्द लिहावा लागला नाही. सातबाऱ्याने ते काम केले.

यावर ठरलेले उत्तर येते : मोठ्या शेतकऱ्याचे घर आधी मोठेच होते, त्याला बैल बांधायचे असतात, धान्य साठवायचे असते, मग त्याला लहान घर कसे द्यायचे? हेच ते 'पूर्ववत'. नवे घर जुन्या वाड्याची परतफेड म्हणून दिले, माणसाची गरज म्हणून नाही. आणि पैसा कोणाचा? कर्ज राज्याने घेतले. ते जनता फेडते, त्यात काडेपेटीवरही कर भरणारा भूमिहीन आहेच.

आता हाच निकष रुग्णालयाला लावून पाहा. सातबारा पाहून खाट दिली असती तर? सात हेक्टरवाल्याला खोली, एक हेक्टरवाल्याला खाट, भूमिहीनाला सतरंजी. कोणीही म्हणेल, हा अन्याय आहे. घराच्या बाबतीत जे सहज खपून गेले, ते रुग्णालयाच्या बाबतीत खपणार नाही. कारण आपत्तीनंतर बांधल्या जाणाऱ्या सगळ्या इमारतींत सार्वजनिक रुग्णालय आणि सार्वजनिक शाळा याच अशा आहेत, जिथे गरज हाच निकष असतो. पूर्वी तुझे काय होते, हे तिथे विचारायचे नसते. आज तुला काय झाले आहे, एवढेच विचारायचे असते. म्हणून माझ्या मते पुनर्बांधणीत रुग्णालयाचा क्रम पहिला असला पाहिजे.

पण इमारत बांधली म्हणजे रुग्णालय झाले असे नाही. पुनर्वसित गावे जुन्या गावठाणापेक्षा कितीतरी पसरट झाली. गाडीवाल्याला ते अंतर जाणवत नाही, पोटुशी मजूर बाई ते चालत कापते. अशा ठिकाणी माणसे तयार करण्याचे काम झाले तिथे फरक पडला. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना प्राथमिक आरोग्याचे शिक्षण देऊन 'भारतवैद्य' केले. घरांच्या दुरुस्तीच्या कार्यक्रमात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत बायका संवाद सहायक म्हणून उतरल्या. गावाला योजनेची माहिती देणे आणि लोकांचे म्हणणे यंत्रणेपर्यंत नेणे हे त्यांचे काम होते. सास्तूरचे स्पर्श ग्रामीण रुग्णालय भूकंपानंतरच उभे राहिले. शासनाच्या सहकार्याने एक संस्था ते चालवते आणि स्वच्छता व सेवेसाठी त्याचे नाव घेतले जाते. तेव्हा संस्थेने चालवलेले सगळे वाईट, असा सरसकट शेरा मारायचा नाही. पण प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारायचा : उद्या संस्था बदलली, माणसे बदलली, तर भूमिहीन बाईचा हक्क कोणत्या कागदावर लिहिलेला आहे?

भुज : इमारत भूकंपाला टिकेल, पण कराराला?

या प्रश्नाचे महत्त्व भुजमध्ये कळते. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छच्या भूकंपात भुजचे जिल्हा रुग्णालय कोसळले. ज्या इमारतीत जखमींना आणायचे, तीच रोगी आणि कर्मचाऱ्यांसह जमीनदोस्त झाली. नवे रुग्णालय प्रधानमंत्री राष्ट्रीय मदत निधीतून, म्हणजे देशभरातल्या सामान्य माणसांनी दिलेल्या पैशातून उभे राहिले. जानेवारी २००४ मध्ये तत्कालीन पंतप्रधान वाजपेयी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. इमारत आणि पाया यांच्यामध्ये रबर आणि शिशाचे बेअरिंग बसवले आहेत. जमीन हलली तरी वरची इमारत तिच्याबरोबर तेवढ्या जोराने हलत नाही. अशा तंत्राने बांधलेले हे देशातले पहिले रुग्णालय मानले जाते. अभियांत्रिकी म्हणून ते निश्चितच कौतुकास्पद आहे.

पुढे २००९ साली गुजरात सरकारने सार्वजनिक-खासगी भागीदारीत हेच रुग्णालय अदानी समूहाच्या संस्थेकडे दिले आणि त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. समर्थक म्हणतात, त्यामुळे कच्छला महाविद्यालय मिळाले, तज्ज्ञ डॉक्टर मिळाले. ते खरे मानू. तरी आपला प्रश्न उरतो. जनतेच्या देणग्यांतून बांधलेल्या रुग्णालयात सफाई कामगारापासून प्राध्यापकापर्यंतची नेमणूक खासगी संस्थेच्या हातात गेली की त्या पदांच्या आरक्षणाचे काय होते? सरकारी नोकरीतल्या आरक्षणाची सक्ती खासगी संस्थेवर नाही. रुग्णालय सरकारी असते तेव्हा आपला समाज तिथे दोन बाजूंनी असतो : खाटेवर रोगी म्हणून आणि खाटेशेजारी परिचारिका, तंत्रज्ञ, डॉक्टर म्हणून. करार बदलला की दुसरी बाजू निसटते आणि खाटेवरच्या माणसाचे गाऱ्हाणे समजून घेणारे आतले माणूस उरत नाही. बेअरिंग भूकंपाचा धक्का शोषून घेते. कराराचा धक्का शोषून घेणारे बेअरिंग आपल्यालाच बसवावे लागेल.

आपले नाशिक

हे सगळे आपल्या दारात आणून पाहू. नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. पाणी कमरेला आले, छातीला आले, डोक्यावरून गेले. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९ : ही वर्षे शहराच्या लक्षात आहेत. लक्षात राहतो तो सराफ बाजार, भांडी बाजार, बुडालेली मंदिरे. नासर्डी आणि वाघाडीच्या काठच्या झोपडपट्ट्यांत शिरलेले पाणी मात्र कोणत्या मूर्तीवर मोजायचे? दुकानाचा पंचनामा होतो कारण दुकानाला कागद असतो. झोपडीत भिजतात त्या गोधड्या, पीठ, मुलांची दप्तरे आणि क्षयाच्या, मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटे. पूर ओसरला की तिथे ताप आणि जुलाब सुरू होतात. वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे की पुराचा दुसरा टप्पा दवाखान्याच्या केसपेपरवर लिहिला जातो.

आणि २१ एप्रिल २०२१ विसरता येत नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. साथ नैसर्गिक म्हणता येईल, गळती नाही. यंत्र बसवणे हे काम आहे, तसे ते दररोज तपासणारा प्रशिक्षित माणूस कायम पदावर असणे हेही काम आहे. उद्घाटन पहिल्याचे होते, दुसऱ्याचे कधीच होत नाही. आपत्तीच्या काळात घाईने उभे केलेले सगळे, खाटा, टाक्या, कंत्राटी परिचारिका, साथ ओसरल्यावर कुठे गेले, हा पुनर्बांधणीचाच प्रश्न आहे.

आता २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. रस्ते, घाट, पूल होतील. तात्पुरते दवाखाने उभे राहतील आणि उठतील. मेळा संपल्यावर शहरात कायमच्या किती खाटा राहणार, त्या कोणत्या भागात, हे आज विचारले पाहिजे. मग कोणी विचारणार नाही.

म्हणून तरुण मित्रांनो, पुढच्या वेळी कुठेही रुग्णालय बांधायची किंवा दुरुस्त करायची घोषणा झाली, की अभिनंदनाचा फलक लावण्याआधी पाच गोष्टी मागा.

१. नकाशा. जागा पूररेषेत आहे का? आपल्या वस्तीतून पायी किंवा एका बसने तिथे पोहोचता येते का?

२. निकष. खाट, शस्त्रक्रिया, मोफत औषध कोणाला, हे कशावर ठरणार? कागद नसलेल्या माणसाला काय उत्तर मिळणार?

३. करार. बांधणार कोण, चालवणार कोण, किती वर्षांसाठी? माहिती अधिकारात कराराची पूर्ण प्रत मागा. पत्रकार परिषदेतला सारांश पुरेसा नाही.

४. पदे. मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, आरक्षित जागांचा अनुशेष किती? अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा आरोग्यावर नेमका कुठे खर्च झाला?

५. समिती. सरकारी रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर कोण बसते? तिथे वस्तीतली बाई, सफाई कामगार, आशा कार्यकर्ती आहे का?

कोणी विचारेल, आंबेडकरी चळवळीचे हे काम आहे का? नाशिकनेच त्याचे उत्तर दिले आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसह हजारो स्त्रीपुरुषांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला. पुढे मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून आपली भूमिका स्पष्ट केली. त्यांना देवळात जाऊन मूर्तिपूजक व्हायचे नव्हते. तो लढा समाजाला जागे करण्यासाठी होता, आणि आता ती शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी, असे त्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर १९३५ मध्ये याच जिल्ह्यातील येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. म्हणजे देवळाच्या दाराशी थांबून राहायचे नाही, सार्वजनिक जीवनाच्या प्रत्येक दाराशी जायचे, ही दिशा नाशिकमध्येच ठरली. आज ते दार रुग्णालयाचे आहे.

बाबासाहेबांनी धम्माकडे जगाची पुनर्रचना करण्याचे साधन म्हणून पाहिले. पुनर्बांधणी आणि पुनर्रचना या दोन शब्दांत हाच फरक आहे. पुनर्बांधणी जे पडले ते पुन्हा उभे करते. पुनर्रचना आधी विचारते की जे पडले त्यात माझी जागा कुठे होती. किल्लारीत हा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता, तर सातबाऱ्यावरून घराचा आकार ठरला नसता. पुढची आपत्ती कधी येईल ते आपल्या हातात नाही. तिच्यानंतरच्या नकाशावर, निकषावर आणि करारावर सही होण्याआधी तिथे आपले माणूस बसलेले असेल की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे.

जय भीम!